नियंत्रित गट, खालचा मजला

शिंपीणकाकूंनी पुन्हा खुर्चीच्या हातांना घट्ट धरलं, आणि समोर स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या मुलीनं पुन्हा त्यांची बोटं अलगद सोडवून हात छातीशी ठेवले.

“हात न टेकता, काकू. नुसत्या पायांच्या जोरावर.”

“नुसत्या पायांवर उठायचं असतं, तर सुतारानं खुर्चीला हात कशाला केले असते?”

पॅसेजमध्ये ओळीनं बसलेली खालच्या मजल्यावरची मंडळी हसली. काकूही हसल्या, पण उठल्या मात्र नाहीत. पुढे झुकल्या, दम धरला, थोड्या वर आल्या आणि धपकन मागे बसल्या. मुलीनं स्टॉपवॉच थांबवलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. शेजारच्या खुर्चीतल्या पद्धतीबाईंनी तो कागद बघायचा प्रयत्नही केला नाही. काय लिहिलं असणार ते त्यांना ठाऊक होतं, आणि मोजणाऱ्याच्या कागदात डोकावू नये हे तर त्यांनीच जन्मभर शिकवलं होतं.

पद्धतीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कॉलेजात त्या संशोधन पद्धती हा विषय शिकवायच्या, आणि तो विषय कुणी हौसेनं घेत नसे. पोरांनी मागून ठेवलेलं हे नाव त्यांना पहिल्याच वर्षी कळलं आणि त्यांनी ते इतक्या खुशीत स्वीकारलं, की चिडवणाऱ्यांची सगळी मजा गेली. निवृत्तीनंतरही काही वर्षं त्या तासांवर शिकवायला जात. स्टॉपवॉचवाली मुलगी त्या शेवटच्या वर्षांतली. आता ती डॉक्टरेट करत होती आणि तिचं संशोधन नेमकं बाई राहत होत्या त्याच वृद्धाश्रमात येऊन ठेपलं होतं. पहिल्या दिवशी बाईंना समोर बघून ती अशी गांगरली, की “बाई, तुम्ही माझ्या नमुन्यात आहात,” असं बोलून गेली. त्यावर ड्रायव्हरकाका म्हणाले, “नमुनाच आहेत त्या. आम्ही रोज बघतो ना.”

संशोधन तसं साधं होतं. इमारतीला दोन मजले. नाणं उडवून वरचा मजला निवडला गेला. वरच्यांना रोज सकाळी खुर्चीवरच्या व्यायामाचा वर्ग मिळणार, खालच्यांना काहीच मिळणार नाही. काही महिन्यांनी दोन्ही मजल्यांची पुन्हा मोजणी करायची: हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पॅसेजच्या टोकाला जाऊन वळायचं, परत येऊन बसायचं. वरच्यांच्या पायांत खालच्यांपेक्षा जास्त बळ आलेलं दिसलं, तर एक संस्था शहरातल्या सगळ्या वृद्धाश्रमांत असे वर्ग सुरू करणार होती. मुलीला पदवी मिळणार होती. एकंदरीत सगळ्यांचंच भलं होणार होतं, फक्त खालच्या मजल्यानं तोवर जागचं हलायचं नव्हतं.

घोळ झाला तो शब्दानं. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी जेवणाच्या हॉलमध्ये उभं राहून मोठ्या ऐटीत सांगितलं, की खालचा मजला ‘नियंत्रित गटात’ आहे. झालं. संध्याकाळपर्यंत मजल्यावर नुसती धुसफूस. भेटीच्या वेळा कमी होणार, चहा मोजून मिळणार, टीव्ही लवकर बंद होणार, एक ना दोन. ड्रायव्हरकाका सगळ्यांत जास्त तापले होते. सगळं आयुष्य त्यांनी प्रवासी बस चालवली होती. गाडी नियंत्रणात ठेवली ती मी, आता मला कोण ठेवतो ते बघतोच, असं त्यांनी दारादारांत जाऊन सांगितलं.

शेवटी बाईंनाच उठावं लागलं. वॉकर सरकवत त्या हॉलच्या मधोमध गेल्या आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी तास घेतला. नियंत्रित म्हणजे आपल्यावर कुणी पहारा ठेवणार असं नाही, त्या म्हणाल्या. आपल्याला कुणी काही करणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. आपण आहोत तसे राहायचं. वरच्यांच्यात काही बदल झाला, तर तो व्यायामामुळे झाला की असाच, हे आपल्याकडे बघून ठरवतील.

“म्हणजे ते सुधारणार, आणि आपण आहोत तसे?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“हे कुणी ठरवलं?”

“नाण्यानं.”

काकूंच्या चेहऱ्यावरून नाण्याविषयी त्यांचं मत फारसं चांगलं दिसत नव्हतं. बाईंनी मग विषय हसण्यावारी नेला. आपल्या वयाला आहे तसं राहणं हेच केवढं मोठं काम आहे, असं त्या म्हणाल्या, आणि लोक हसत हसत आपापल्या खोल्यांत गेले.

बाई आणि काकू एका खोलीत राहत. त्यांच्या खोलीच्या बरोब्बर वर वरच्या मजल्याची बैठकीची खोली होती. व्यायाम सुरू झाला तशी सकाळी छतातून खुर्च्या एकदम घासल्याचा आवाज यायचा, मग एकाच वेळी टाचा आपटायच्या, मग पुन्हा खुर्च्या. मधूनच वर्ग घेणारीची हाक. काकूंचा सगळा जन्म शिलाई मशीनच्या पायट्यावर गेलेला. आवाजाला ताल सापडला की त्यांचा पाय स्वस्थ बसत नसे. हातात कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण, ओठांत सुई, आणि खाली पाय सुरू.

“काकू, पाय थांबवा,” बाई म्हणायच्या.

“अहो, मी कुठे काय केलं?”

“टाच उचलताय. ते वरच्यांचं आहे.”

“टाच माझी आहे,” काकू म्हणायच्या, पण पाय थांबवायच्या. बाईंचा शब्द त्या मोडत नसत. बाईंना या राखणदारीत एक प्रकारची मजाही वाटत होती. पोरांना पुस्तकातनं शिकवलेली गोष्ट म्हातारपणी स्वतःच्या खोलीत सांभाळायला मिळावी, याचा त्यांना चक्क अभिमान वाटत होता. ड्रायव्हरकाका एकदा वर्ग बघायला जिना चढू लागले, तर त्यांनाही बाईंनी अर्ध्यातून परत बोलावलं आणि गट दूषित होणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दूषित शब्द ऐकल्यावर काका दोन दिवस बोलले नाहीत.

मग व्यवस्थापकांनी नियम काढला. व्यवस्थापक गोड बोलणारा माणूस. आयती मोजणी होतेच आहे, तर तिचा उपयोग करून घेऊ, असं त्यांच्या डोक्यात आलं. लागोपाठ दोन मोजण्यांत ज्यांना हात न टेकता उठता येणार नाही, त्यांना मागच्या इमारतीत हलवायचं. त्यांच्याच सोयीसाठी, असंही त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. खालच्या मजल्यावर पहिल्या मोजणीत न उठलेल्या काकू एकट्याच होत्या. बाईंचं उठणंही काही बघण्यासारखं नव्हतं, मोडलेल्या खुब्यानं त्यांना बराच वेळ लावला होता, पण त्या उठल्या होत्या.

मागची इमारत खिडकीतून दिसायची. कठड्याच्या खाटा, सतत अर्ध्यावर ओढलेले पडदे. तिकडे गेलेलं माणूस जेवणाच्या हॉलमध्ये परत दिसत नसे. काकूंनी फक्त एकच गोष्ट विचारली, तिकडे सुई ठेवू देतात का. व्यवस्थापक म्हणाले, सुरक्षेच्या दृष्टीनं नाही. काकूंनी मान हलवली, खोलीत आल्या आणि त्या दिवशी मजल्यावरची जेवढी म्हणून तुटलेली बटणं होती तेवढी गोळा करून लावत बसल्या. वर टाचा आपटत होत्या. काकूंचे पाय आपणहून गप्प होते.

बाईंना ते बघवेना. दुसऱ्या दिवशी मुलगी वरच्या वर्गाची हजेरी बघायला आली, तेव्हा त्यांनी तिला जिन्यापाशी गाठलं. काकूंना वरच्या गटात घे, असं त्यांनी सरळच सांगितलं. मुलगी कावरीबावरी झाली. या नियमाचं तिलाही वाईट वाटत होतं, तिनं व्यवस्थापकांना सांगूनही पाहिलं होतं, पण इथं काम करायची परवानगी त्यांच्याच हातात. आणि एकाला वर घेतलं तर नाण्याला काय अर्थ राहिला?

“बाई, तुम्हीच सांगायचात,” ती हळूच म्हणाली. “दया आली की नमुना बिघडला.”

बाईंना आपलं वाक्य ओळखू आलं. वर्गात ते म्हणताना त्या फळ्यावर खडूनं एक रेघ मारायच्या, तीही आठवली. फळ्यावर ते किती सोपं होतं. फळ्यावर कुणाला सुई लागत नव्हती.

“बरोबर सांगायचे,” त्या म्हणाल्या, आणि वॉकर वळवून खोलीकडे निघाल्या.

सकाळी छतात खुर्च्या घासल्या. काकू पलंगाच्या कडेला बसून होत्या. बाईंनी आपली खुर्ची त्यांच्या समोर ओढली, चष्मा लावला आणि कान वर देऊन जरा वेळ ऐकलं.

“काकू, पाय सुरू करा.”

काकूंनी वर बघितलं. “ते वरच्यांचं आहे ना?”

“टाच तुमची आहे.”

पुढं काय झालं ते मजल्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं, कारण बाईंनी दार उघडंच ठेवलं होतं. लपूनछपून काही करायचं नाही ही त्यांची अट. छतातल्या आवाजावरून त्या व्यायाम ओळखून काढायच्या. खुर्च्या वाजल्या म्हणजे उठणं-बसणं, नुसत्या टाचा म्हणजे टाचा उचलणं, सरकल्यासारखा आवाज म्हणजे पाय बाजूला नेणं. जिथं कळत नसे तिथं काकूंचा पाय सांगत असे. चार दिवसांत ड्रायव्हरकाका खुर्ची घेऊन दारात आले. आता दूषित झालोच आहोत तर नीट होऊ, म्हणाले. मग बाकीचे आले. खोली पुरेना, वर्ग पॅसेजमध्ये गेला. वर टाच आपटली की खाली आपटायची, आणि काका प्रत्येक उठण्याला “गिअर टाका” म्हणून ओरडायचे. नियंत्रित गटाचं नियंत्रण सुटलं होतं, आणि इतकी हसरी सकाळ त्या मजल्यानं कधी पाहिली नव्हती.

बाई मात्र मधोमध खुर्चीत बसून मोजायच्या. काकूंनी एकदा विचारलंच, तुम्ही का नाही उठत म्हणून.

“मास्तरांनी उठाबशा काढायच्या नसतात,” बाई म्हणाल्या. “काढायला लावायच्या असतात.”

सगळे हसले. बाईंनी पायांची अढी घातली आणि मोजणं पुढं चालू ठेवलं. वर टाचा पडायला लागल्या की त्यांची ती अढी आणखी घट्ट व्हायची.

मुलगी पुढच्या वेळी आली, तेव्हा बाईंनी तिला खोलीत बोलावून सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. खालचा मजला आता होता तसा राहिलेला नाही, हे तुझ्या कागदावर लिही, म्हणाल्या. मुलगी पलंगावर बसली. दोन वर्षांचं काम होतं तिचं. ताडून बघायला खालचा मजलाच उरला नाही, तर वरच्यांच्या बळाला काही अर्थ नव्हता. थांबवा म्हणून तिनं विनवलं. बाई नाही म्हणाल्या. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“माझ्याकडे एकही माणूस उरणार नाही, बाई. एकही.”

बाईंनी तिला पाण्याचा पेला दिला. तिच्या पाठीवरून हात फिरवला. माघार मात्र घेतली नाही. मुलगी गेल्यावर त्या बराच वेळ आपल्या पायांकडे बघत बसल्या होत्या, असं काकूंनी पाहिलं. दमल्या असतील, असं काकूंना वाटलं.

मोजणीचा दिवस जवळ आला, तशी मुलगी पुन्हा आली. या खेपेला ती थेट बाईंशेजारी बसली आणि दाराकडे बघत बोलायला लागली. तिनं तिच्या मार्गदर्शक सरांना अजून काही सांगितलेलं नव्हतं. काही न सांगताही मार्ग निघेल, असं ती म्हणत होती. खालच्या लोकांनी त्या दिवशी थोडं जपून उठावं, थोडं हळू चालावं. पूर्वी चालायचे तसं. म्हणजे दोन्ही मजल्यांत फरक दिसेल, संस्था सगळीकडे वर्ग सुरू करील, खालच्यांनाही खरा वर्ग मिळेल. कुणाचं नुकसान नाही. काकूंचं काय ते ती व्यवस्थापकांशी बोलून बघेल.

“बोलून बघशील,” बाई म्हणाल्या.

“प्रयत्न करीन. बाई, शंभर वृद्धाश्रमांचा प्रश्न आहे. एका काकूंसाठी...”

बाईंचा चेहरा तिनं वर्गात कधी असा पाहिलेला नव्हता. कॉपी करताना धरलेल्या मुलांकडेही त्या अशा बघत नसत.

“मी नियम मोडला,” बाई म्हणाल्या. “तुला सांगून मोडला, दार उघडं टाकून मोडला. तू तो तसाच लिही आणि मला काय नावं ठेवायची ती ठेव. पण या पॅसेजमध्ये खोटं चालणार नाही. मीही खोटं चालणार नाही आणि माझ्या मजल्यावरचं कुणीही नाही.”

मुलगी खाली मान घालून बसली. जाताना तिनं बाईंच्या पायांना हात लावला. रागावली होती की लाजली होती, ते बाईंना कळलं नाही. त्यांनी ते ताणलंही नाही. आपण जिच्यापायी रागावलो ती पळवाट या पोरीला सुचली, याला आपण तिच्यावर आणलेली परिस्थितीही कारण आहे, हे त्यांना कळत होतं आणि ते टोचत होतं.

मोजणीच्या दिवशी व्यवस्थापक स्वतः खुर्ची टाकून बसले. मुलीच्या हातात तेच स्टॉपवॉच होतं. डोळे जागरणानं सुजल्यासारखे दिसत होते. सुरुवात करण्याआधी तिनं उभ्या उभ्या एक गोष्ट सांगितली. सरांना तिनं सगळं कळवलं होतं. सर खूप बोलले. खालचा मजला आता तुलनेला धरता येणार नाही, आणि का धरता येणार नाही ते सगळं तिच्या प्रबंधात छापलं जाईल. तरी मोजणी मात्र पूर्ण करायची. हे सांगताना तिनं बाईंकडे पाहिलं नाही.

“छापून येणार म्हणजे आपलं नाव होणार की,” ड्रायव्हरकाका पुटपुटले, आणि आपल्या पाळीला असे ताडकन उठले, की मागं खुर्चीच सरकली.

एकेक जण उठत गेला, चालत गेला, परत आला. मग काकूंची पाळी. त्यांनी ओठांत धरलेली सुई काढून पदराला टोचली, हात छातीशी घेतले, आणि खुर्चीकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघितलं. काकू पुढं झुकल्या. त्यांच्या मांड्या थरथरताना लुगड्यावरूनही दिसत होत्या. मधे एका जागी त्या अडकल्या, ना वर ना खाली, आणि व्यवस्थापकांनी पेनाचं टोपण काढलं.

मग काकू उभ्या होत्या.

कुणी टाळी वाजवली नाही. अजून चालायचं होतं. काकू टोकाला गेल्या, वळल्या, सावकाश परत आल्या आणि बसल्या. खाली बसतानाही त्यांनी खुर्चीच्या हातांना बोट लावलं नाही. व्यवस्थापकांनी टोपण परत लावलं, आणि छान, छान असं म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. “सुई राहील ना आता माझ्याकडे?” त्यांनी विचारलं. व्यवस्थापकांना हो म्हणावं लागलं.

शेवटी बाई.

त्यांनी वॉकर बाजूला सारला, हात छातीशी घेतले आणि उठायला गेल्या. काही झालं नाही. पुन्हा झुकल्या. बूड जेमतेम सुटलं आणि परत टेकलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. ड्रायव्हरकाका “गिअर” म्हणायला गेले आणि गप्प झाले. तिसऱ्या खेपेला बाईंचा हात आपोआप खुर्चीवर गेला, तो त्यांनी लगेच उचलला, पण तेवढ्यानं व्हायचं ते झालं होतं. त्या मागं टेकून बसल्या.

काकू एकटक त्यांच्या पायांकडे बघत होत्या. इतके दिवस समोर घट्ट अढी घालून बसलेले ते पाय आता त्यांना पहिल्यांदाच नीट दिसत होते, सडपातळ, पांढुरके, पूर्वीपेक्षा वाळलेले.

“तुम्ही एकदाही केलं नाही,” काकू म्हणाल्या. “आम्हाला करायला लावलंत, आणि स्वतः एकदाही उठला नाहीत.”

बाईंनी पायांची अढी पुन्हा घातली आणि त्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

मुलगी गुडघ्यांवर त्यांच्या खुर्चीशेजारी बसली. तिला आत्ता कुठे उलगडा होत होता. “बाई, माझ्यासाठी?”

“पद्धतीसाठी,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी आहे तसं राहायला हवं होतं.”

“पण एका माणसाचा गट होत नाही.”

“ते तू मला सांगतेस?”

मुलीनं डोळे पुसले, उठली आणि कागदावर लिहिलं. बाईंनी हात पुढं केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोजणाऱ्याचा कागद मागितला. मुलीनं तो देताना जरा चालढकल केली, तेव्हाच बाईंना कळलं. त्यांच्या रकान्यात ‘आधाराशिवाय उठल्या’ असं लिहिलं होतं.

बाईंनी तो कागद परत तिच्यापुढं धरला.

“खोड.”

“बाई, प्लीज. कुणाला काय कळणार आहे?”

“व्यवस्थापक इथं बसलेत, त्यांना मी सांगणार आहे. त्यापेक्षा तूच खोड. रेघ मार, खाली खरं लिही आणि बाजूला सही कर. खोडलेलं वाचता आलं पाहिजे.”

मुलीनं रेघ मारली. खाली खरं लिहिलं. बाजूला सही केली, आणि बाईंनी ती वाळेपर्यंत कागद धरून ठेवला. मग तो स्वतःच व्यवस्थापकांकडे दिला.

व्यवस्थापकांनी तो वाचला, घसा खाकरला, आणि आपला आवाज जमेल तेवढा मऊ केला. ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे इतक्यात काळजीचं कारण नाही, म्हणाले. पण नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या मोजणीला बाईंना उठता आलं नाही, तर मग त्यांच्याच सोयीसाठी...

“पुढची मोजणी कधी?” बाईंनी विचारलं.

त्यांनी महिना सांगितला.

“या,” बाई म्हणाल्या. “तेव्हा मी कुणाच्याच गटात नसेन.”

त्यांनी पायांची अढी सोडली, दोन्ही तळवे जमिनीला लावले, आणि सगळे बघत असताना पुन्हा पुढं झुकल्या.